‘हिपा कंप्लायंट’ सॉफ्टवेअर, मुक्काम विटा

प्रसूतिगृहासाठी आम्ही घेतलेलं हे सॉफ्टवेअर तुम्हीही घ्यावं का, असं विचाराल तर घ्या. मात्र त्याच्या माहितीपत्रकावर एक निळी ढाल छापलेली आहे आणि तिच्यात ‘हिपा कंप्लायंट’ (म्हणजे अमेरिकेचा आरोग्यमाहितीचा कायदा पाळणारं) असं लिहिलंय, त्या ढालीपायी एक रुपयाही जास्त मोजू नका. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आमचा करार अजून चालू आहे, शिवाय त्यांचा सपोर्टवाला मुलगा रात्री अकरालाही फोन उचलतो, त्याला उगाच बोलणी बसायला नकोत.

मी पुण्यात बरीच वर्षं मेडिकल बिलिंगमध्ये होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांची विम्याची बिलं आम्ही इथे बसून करायचो. फ्लोअरवर जाताना मोबाइल लॉकरमध्ये टाकायचा. टेबलावर कागद-पेन चालायचं नाही, प्रिंटर बंद, पेन ड्राइव्हची खाच बंद, पाण्याची बाटलीसुद्धा पारदर्शक. वर दरवर्षी हिपाची परीक्षा. कधी तोंडही न पाहिलेल्या बायाबापड्यांच्या मधुमेहाची गुपितं आम्ही जिवापाड जपली. मग माहेरी विट्याला आले, कारण भाऊ-वहिनींच्या प्रसूतिगृहाचा कारभार बघायला कोणी नव्हतं. वहिनी स्त्रीरोगतज्ज्ञ. इथे काउंटरवरून ‘अहो, थायरॉइडवाल्या मावशी, तुमचा रिपोर्ट आला’ अशी हाक ऐकली, आणि त्याच आठवड्यात मी सॉफ्टवेअरचा शोध सुरू केला.

आधी त्या ढालीबद्दल. हिपा हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा. इलेक्ट्रॉनिक आरोग्यमाहिती कशी सांभाळायची याचा त्यातला सुरक्षा नियम २००३ मध्ये आला आणि बहुतेकांना २००५ च्या एप्रिलपासून तो पाळावा लागला. तो लागू होतो तिथल्या विमा योजनांना, क्लिअरिंगहाउसना (डॉक्टर आणि विमा कंपनी यांच्यामधले बिलांचे मध्यस्थ), विम्याचे व्यवहार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणाऱ्या डॉक्टर-हॉस्पिटलांना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंत्राटदारांना. पुण्यातल्या आम्हाला तो करारातून चिकटला होता. विट्यातल्या बाईची विट्यातली प्रसूती त्यात कुठेच बसत नाही. दुसरं म्हणजे, ‘हे सॉफ्टवेअर हिपाप्रमाणे आहे’ असं प्रमाणपत्र अमेरिकेचं सरकार कोणालाच देत नाही. खाजगी संस्था देतात, पण तिथलं आरोग्य खातं त्यांना मान्यता देत नाही. डेमोला आलेल्या मुलाला हे मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांच्या ब्रोशरवर असतं म्हणून आम्हीपण टाकलंय.’ खरं बोलला म्हणून पहिला गुण त्यालाच दिला.

आपल्याकडे लागू काय आहे, तेही सांगते, कारण विक्रेत्यांना ते सांगता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम आजही जिवंत आहेत. त्यात आजार, वैद्यकीय नोंदी आणि इतिहास हे सगळं ‘संवेदनशील’ माहितीत मोडतं, आणि ‘संस्था’ म्हणताना व्यवसाय करणारा एकटा डॉक्टरसुद्धा धरला जातो. त्याची जागा घेणार आहे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. खास आरोग्यमाहितीसाठी ‘दिशा’ नावाचा मसुदा केंद्राने २०१८ मध्ये काढला होता, तो मसुदाच राहिला. नव्या कायद्यात तर आरोग्यमाहितीचा वेगळा वर्गच नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि पिझ्झाची ऑर्डर एकाच पंगतीला. मला हे अजिबात पटलेलं नाही. एचआयव्हीपुरता २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, गर्भपाताच्या गुप्ततेला एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायदा आहे, म्हणून निभावतंय.

डॉक्टरांना घाबरवायला विक्रेत्यांना एक आकडा मात्र तोंडपाठ असतो: २५० कोटी. सुरक्षेत कसूर झाली तर दंड तेवढा होऊ शकतो, हे खरं. पण ती वरची मर्यादा आहे, आणि चुकीचं स्वरूप किती गंभीर, नुकसान टाळायला काय केलं, हे बघून या कायद्याखालचं डेटा संरक्षण बोर्ड रक्कम ठरवणार आहे. हा आकडा सांगताना त्याच कायद्यातली एक बाब ते गाळतात. माहिती सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून फुटली, तरी कायदा जाब विचारणार हॉस्पिटलला. अमेरिकेत २०१३ पासून कंत्राटदारही थेट कायद्याच्या कचाट्यात येतो. आपल्या नव्या कायद्यात माहिती ‘प्रक्रिया’ करून देणारी कंपनी हॉस्पिटलच्या पाठीमागे उभी, पुढे आपण. म्हणून मी स्क्रीनचे रंग पाहिले नाहीत, आधी करार मागितला. डेमोवाल्याने करार सोबत आणलाच नव्हता.

आता प्रत्यक्ष वापर. ओपीडीची नोंद, गर्भवतीचं कार्ड, अपेक्षित तारीख, लोहाच्या गोळ्यांपासून अँटी-डी इंजेक्शनपर्यंतच्या आठवणी, औषधांची चिठ्ठी, बिल, हे सगळं चोख चालतं. वहिनींना टायपिंगचा कंटाळा, तरी त्यांनी तक्रार केली नाही, यात सगळं आलं. लाइट गेली आणि नेट गेलं तरी त्या दिवसाची यादी तात्पुरती दिसत राहते. माहितीच्या सुरक्षेत ‘गरजेच्या वेळी मिळणं’ हेही धरलेलं असतं, हे लोक विसरतात. दिल्लीच्या एम्समध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात रॅन्समवेअरचा (माहिती अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला तेव्हा तिथे कित्येक दिवस कागदावर कारभार चालला होता. आमच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज रात्री होतो. सर्व्हर मुंबईत आहे असं त्यांनी लेखी दिलं. मी बॅकअपमधून एक जुनी नोंद परत आणून दाखवायला सांगितलं, तेही त्यांनी करून दाखवलं. इथे पूर्ण गुण.

एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी ठेवण्याबद्दल, विचारलं की प्रत्येक विक्रेता ‘बँकेसारखं’ म्हणतो. अमेरिकेच्या नियमातसुद्धा ते सरसकट सक्तीचं नव्हतं. धोका मोजा, योग्य वाटलं तर करा, नाही केलं तर का नाही आणि बदल्यात काय केलं ते लिहून ठेवा, अशी मुभा आहे. ती बंद करायचा प्रस्ताव तिथे २०२५ च्या जानेवारीत आला. आपल्या नव्या नियमांत एन्क्रिप्शन, मास्किंग (माहितीचा काही भाग झाकणं) वगैरे उपाय नावानिशी दिलेत. या कंपनीने सर्व्हरवर आणि वाटेत दोन्हीकडे ते केलंय, पण मोबाइल ॲपमध्ये उघडलेला रिपोर्ट फोनच्या गॅलरीत उतरतो आणि तिथे तो नुसता फोटो. वहिनींच्या फोनमध्ये भाच्याच्या बारशाच्या फोटोंशेजारी कोणाचीतरी सोनोग्राफी. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. मुळातच बंद असायला हवं होतं.

लॉगिनवर माझं खरं भांडण झालं. प्रत्येक माणसाला स्वतःचं वेगळं लॉगिन, हे हिपाच्या तांत्रिक अटींमधलं पहिलं आणि बिनशर्त सक्तीचं कलम आहे. आणि या कंपनीच्या साध्या पॅकेजमध्ये लॉगिन किती? तीन. पुढच्या प्रत्येकाला जादा पैसे. आमच्याकडे दोन डॉक्टर, काउंटरवर पाळीपाळीने बसणाऱ्या मुली, सिस्टर, मेडिकल दुकानाचा मुलगा. मग काय होणार? ‘रिसेप्शन’ नावाचं एक लॉगिन, पासवर्ड हॉस्पिटलचं नाव आणि १२३, आणि तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. गावोगावच्या दवाखान्यांत हे चालतं ते मुलींच्या बेफिकिरीने नव्हे, या दरपत्रकामुळे. सुरक्षेचा पाया कंपनीने जादा भाड्याला लावलाय. मी जादा लॉगिन विकत घेतली आणि बिलावर भांडून थोडी सूटही घेतली. आपोआप लॉगआउट आहे, त्याची वेळ कमी-जास्त करता येते. कोणाला काय दिसावं हे ठरवणारी ‘रोल’ची सोयही चांगली आहे. काउंटरवरच्या मुलीला नाव, वेळ, बिल दिसतं, आजाराचं निदान दिसत नाही.

पण निदान लपवलं तरी बिल बोलतं. गर्भपाताची केस झाली की बिलावर ‘एमटीपी’ ठळक छापून यायचं आणि रात्रीच्या हिशेबातही नावासकट. एमटीपीचं रजिस्टर हा कायद्याने गुप्त दस्तऐवज आहे. बाईचं नाव, तपशील अधिकृत व्यक्तीखेरीज कोणालाही सांगितला तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. वहिनी ते रजिस्टर अजून कागदावर, कुलपात ठेवतात, आणि इकडे सॉफ्टवेअर तीच माहिती डॉट मॅट्रिक्सवर करकरत छापतंय. तक्रार केल्यावर त्यांनी बिलाचं शीर्षक बदलायची सोय दिली. आता तिथे ‘प्रोसिजर चार्जेस’ येतं. हे त्यांच्या लक्षात आधी कसं आलं नाही, ते कळत नाही. प्रसूतिगृहांसाठीचं म्हणूनच तर विकतात.

आता मोबाइल नंबर. विटा म्हणजे गलाईवाल्यांचा मुलूख. इथल्या घराघरांतले पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कोलकात्यापासून कोइमतूरपर्यंत पसरलेले. बाई तपासायला येते सासूबरोबर, नंबर देते नवऱ्याचा, नाहीतर सासऱ्यांचा. सॉफ्टवेअरला एकच नंबर समजतो आणि रिपोर्ट तयार झाला की तो आपोआप त्या नंबरवर व्हॉट्सॲप होतो. बाई वहिनींसमोर बसलेली असते आणि तिचा रिपोर्ट तिच्याआधी परगावी भट्टीवर वाचला जातो. कधी ते सोयीचंच असतं, नवराच पैसे पाठवणार असतो. पण लग्नाआधीची एखादी तपासणी, गुप्तरोगाचा उपचार, किंवा गर्भनिरोधक, जे घरात कळलं तर रामायण होईल, तेही त्याच वाटेने जातं.

हिपाच्या गोपनीयता नियमात रुग्णाला एक साधा हक्क आहे: मला इथे फोन करू नका, तिथे करा, पत्र घरी पाठवू नका, असं तिने सांगितलं तर डॉक्टरने वाजवी मागणी मान्य करायची. कारणही विचारायचं नाही. आम्ही पुण्यात बसून अशा पेशंटच्या खात्यावर लाल खूण पाहायचो आणि त्या पत्त्यावर बिल जाऊ द्यायचो नाही. तेवढी एक खूण मी या कंपनीकडे मागितली. ‘बाईला विचारल्याशिवाय काही पाठवू नका’ असा एक चौकोन, बस. ‘रोडमॅपवर आहे’ हे उत्तर मिळालं, आणि ते अजून रोडवरच आहे. आम्ही आपोआप पाठवणं सगळ्यांसाठीच बंद करून टाकलं. आता सिस्टर प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारतात, ‘ताई, रिपोर्ट फोनवर पाठवू का हातात देऊ? फोन कोणाकडं असतो?’ काम वाढलं, सिस्टर कुरकुरतात. पण पुष्कळ बायका ‘हातातच द्या’ म्हणतात, हे त्याच येऊन सांगतात.

हीच गोम ‘आभा’ या सरकारी आरोग्य क्रमांकातही आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं. त्याचा चौदा आकडी क्रमांक ऐच्छिक आहे, नोंदी ज्या त्या हॉस्पिटलकडेच राहतात आणि संमतीनेच दुसऱ्याला दिसतात. रचना म्हणून मला ती आवडते, अमेरिकेतला फॅक्सवर चालणारा कारभार मी पुण्यात बसून पाहिलाय. पण संमती येते ओटीपीने आणि ओटीपी जातो त्याच नंबरवर. ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात संमती. सॉफ्टवेअरमध्ये ‘या भेटीची नोंद जोडू नका’ असं बटण आहे, ते मात्र कौतुकाचं. एमटीपीसाठी आम्ही ते डोळे झाकून दाबतो. काउंटरवर आल्या-आल्या सगळ्यांचे आभा काढायचा घाट कंपनीचा मुलगा घालत होता, तो वहिनींनी बंद केला: ‘विचारून काढा. नको म्हणाली तर केसपेपर तेवढाच निघतो.’

नोंदवहीबद्दल, म्हणजे कोणी कधी काय केलं याचा जो लॉग असतो त्याबद्दल, मी सगळ्यात कडक आहे. इथे कोणी निदान बदललं, बिल खोडलं, याची नोंद नीट राहते. कोणी फक्त उघडून पाहिलं याची राहत नाही. गावात चोरी होते ती पाहण्याची. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आरोग्य संस्थेने २०११ मध्ये साडेआठ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवलं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी काही बदललं नव्हतं. प्रसिद्ध रुग्णांच्या नोंदी कामाशिवाय उघडून पाहिल्या होत्या. आमच्याकडे नट-नट्या येत नाहीत, पण सरपंचांची सून येते, आणि तिची नोंद उघडायची हुरहूर काही कमी नसते. शिवाय हा लॉग कंपनी ९० दिवसांनी पुसत होती. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, नव्या नियमांत किमान एक वर्ष. दोन्ही कागद पाठवल्यावर त्यांनी मुदत वर्षाची केली. ‘पाहिलं’ची नोंद पुढच्या आवृत्तीत देऊ म्हणालेत.

करार शेवटी आला तो दोन पानी. त्यात एक वाक्य होतं की कंपनी ‘ओळख काढून टाकलेली माहिती’ सेवा सुधारण्यासाठी आणि भागीदारांसोबत वापरू शकते. ओळख काढणार म्हणजे काय, विचारलं. नाव आणि मोबाइल काढणार. झालं? हिपात ओळख काढायचा जो सरळ मार्ग आहे, त्यात अठरा प्रकारचे तपशील उडवावे लागतात. वर्ष सोडून सगळ्या तारखा जातात. पिन कोडचे पहिले तीनच आकडे ठेवता येतात, तेही त्या भागात वीस हजारांहून जास्त लोक राहत असतील तरच. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव, बाईचं वय, तिळ्यांची प्रसूती आणि तारीख एवढं ठेवलं तर नाव कशाला लागतं? बसस्टँडवरचा चहावाला सांगेल कोण ते. ते वाक्य आम्ही खोडायला लावलं.

दुसरी दुरुस्ती माहिती फुटल्यावर कळवण्याची. त्यांच्या करारात ‘वाजवी वेळेत’ होतं. सर्ट-इनला घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. नव्या नियमांत बोर्डाला आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना विनाविलंब, आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत. कंपनीची वाजवी वेळ दिवाळीनंतर उगवली तर आम्ही काय कळवणार? आता कराराला जोडलेल्या पुरवणीत ‘कळल्यापासून चोवीस तासांत फोन आणि ईमेल’ असं आहे, सहीशिक्क्यासकट. माझ्या मते ते अजून कमी हवं होतं, पण त्यावर त्यांच्या वकिलांनी पाय रोवले.

बाहेर पडण्याची वाट हे शेवटचं. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. केंद्राची २०१६ ची ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकं तर म्हणतात की हॉस्पिटल या नोंदी रुग्णाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं. मग विश्वस्ताला आपल्याच नोंदी एकगठ्ठा बाहेर काढता यायला नकोत? इथे एकेका पेशंटची पीडीएफ निघते, सगळ्यांची हवी तर कंपनीला अर्ज आणि वेगळं शुल्क. उद्या सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं तर नाक त्यांच्या चिमटीत. सहा महिन्यांनी एकदा फुकट संपूर्ण एक्स्पोर्ट, हे आम्ही पुरवणीत घालून घेतलं. पहिला आला तो उघडत नव्हता, दुसरा नीट आला.

संमतीचा फॉर्म फक्त इंग्रजीत आहे. नव्या कायद्यात सूचना मराठीतही मिळण्याचा पर्याय द्यावाच लागणार आहे. तोवर वहिनींनी आणि मी मिळून एक पानाचा मराठी फॉर्म केलाय, मोठ्या अक्षरांत, आणि वाचता न येणाऱ्यांना सिस्टर वाचून दाखवतात. कंपनीने तो मागितला आहे. लॉगिनच्या दराचं बोलणं झाल्यावर देऊ म्हटलंय.

माझे तारे: रोजच्या कामाला साडेचार, बॅकअपला पाच, लॉगला अडीच, नंबरच्या भानगडीला एक, करार जसा आला तसा शून्य, दुरुस्तीनंतर साडेतीन. एकटा डॉक्टर आणि एक कंपाउंडर असा दवाखाना असेल तर साधं पॅकेज पुरेल. दहा खाटांच्या वर असाल तर सही करण्याआधी पुरवणी मागा, आणि ती त्यांच्याकडे तयार असते हे लक्षात ठेवा. आमची झाल्यावर सांगलीच्या एका डॉक्टरांनाही तीच मिळाली, न भांडता.